कोड न लिहिता वेबसाइट : साधन निवडण्याआधी विचारले जाणारे प्रश्न

होमस्टे, आंबा-काजूची विक्री, शिकवणी, योगवर्ग, मसाल्यांचा घरगुती व्यवसाय, गावातलं मंडळ. स्वतःची वेबसाइट हवी, पण प्रोग्रॅमर ठेवणं परवडत नाही, अशा लोकांकडून जे प्रश्न वारंवार येतात ते इथे एकत्र केले आहेत. किमती सतत बदलतात, म्हणून आकडे जिथे अंदाज यायला हवा तिथेच दिले आहेत. पैसे भरण्याआधी त्या त्या कंपनीच्या पानावर आजचा भाव बघून घ्या.

नो-कोड साधन म्हणजे नक्की काय?

ज्यात पानाची मांडणी माऊसने किंवा बोटाने ओढून-सरकवून करता येते आणि मागचा कोड (एचटीएमएल) ते साधन स्वतः लिहितं, ते. विक्स, स्क्वेअरस्पेस, वेबफ्लो, कार्ड (Carrd), गूगल साइट्स, शॉपिफाय, झोहो साइट्स ही त्यातली ठळक नावं. यांतल्या बहुतेकांत होस्टिंगही त्यांचंच असतं, म्हणजे तुमची साइट जिथे राहते तो सर्व्हर त्याच कंपनीचा असतो. ही गोष्ट सुरुवातीला सोयीची वाटते. साइट दुसरीकडे हलवायची वेळ आली की तिची किंमत कळते, आणि त्यावर खाली सविस्तर लिहिलं आहे.

इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सॲप बिझनेस आहे. मग वेबसाइट कशाला?

काहींना खरंच लागत नाही. तुम्ही आसपासच्या घरांना डबे पोचवता, हाताला आणखी काम नको आहे, सगळी गिऱ्हाइकं ओळखीची आहेत, तर व्हॉट्सॲपचा कॅटलॉग पुरे. गूगल बिझनेस प्रोफाइल तेवढं करा. ते फुकट आहे आणि नकाशावर तुमचं नाव, वेळ, फोन दिसतो.

अनोळखी माणसाने तुमच्यावर विश्वास ठेवायचा असेल तेव्हा मात्र वेबसाइट लागते. पुण्यातलं एखादं कुटुंब गुहागरला दोन दिवस राहायचं ठरवतं तेव्हा खोल्या कशा आहेत, बाथरूम स्वतंत्र आहे का, जेवणात मासे मिळतील का, गाडी दारापर्यंत येते का, समुद्र चालत किती, हे सगळं ते रात्री अकरा वाजता बघत असतं. त्या वेळी कोणी फोन करत नाही. इन्स्टाग्रामवर ही उत्तरं जुन्या पोस्टांत विखुरलेली असतात, आणि ज्याचं खातं नाही त्याला दोन-चार फोटोंनंतर लॉगिनची पाटी दिसते. एका पानावर ही सगळी माहिती नीट लिहिली, की त्याची लिंक व्हॉट्सॲपवर पाठवता येते आणि तेच तेच टाइप करण्यात जाणारा तुमचा वेळ वाचतो.

गूगलवर व्यवसायाची फुकट वेबसाइट मिळायची. ती आता दिसत नाही. काय झालं?

ती बंद झाली. बिझनेस प्रोफाइलवरूनच दोन मिनिटांत एक साधी साइट तयार व्हायची आणि तिचा पत्ता 'बिझनेस डॉट साइट' असा संपायचा. छोट्या दुकानदारांनी, दवाखान्यांनी, क्लासवाल्यांनी तो पत्ता व्हिजिटिंग कार्डावर, बिलावर, गाडीच्या मागच्या काचेवर छापून घेतला. मार्च २०२४ मध्ये गूगलने ही सेवा थांबवली. त्यानंतर १० जून २०२४ पर्यंत त्या पत्त्यावर येणाऱ्यांना प्रोफाइलकडे वळवलं जात होतं. पुढे तो पत्ता कायमचा निकामी झाला.

ज्यांनी स्वतःचं डोमेन, म्हणजे वेबसाइटचा स्वतःच्या नावाचा पत्ता, घेऊन त्या साइटला जोडलं होतं त्यांचं फारसं बिघडलं नाही. त्यांनी दुसऱ्या साधनात नवीन पान बांधलं, डोमेन तिकडे वळवलं आणि छापलेली कार्डं तशीच चालू राहिली. ज्यांच्याकडे फक्त गूगलने दिलेला पत्ता होता त्यांना सगळं नव्याने छापावं लागलं, आणि जुना पत्ता जवळ असलेली गिऱ्हाइकं कुठे गेली हे कळायला मार्ग नाही. गाळा भाड्याचा असला तरी पाटीवरचं नाव आपलं असावं लागतं, तसंच हे आहे.

मला या पानावर सगळ्यात कळकळीने सांगायची गोष्ट हीच. साधन कोणतंही घ्या. डोमेन तुमच्या मालकीचं असू द्या, आणि मजकूर-फोटोंची मूळ प्रत तुमच्या स्वतःच्या संगणकावर किंवा ड्राइव्हवर ठेवा. या दोन गोष्टी पाळल्या तर साधनाची निवड चुकली तरी आठवडाभरात सावरता येते. गूगलसारख्या कंपनीची सेवाही बंद होऊ शकते, मग बाकीच्यांच्या भरवशावर किती राहायचं ते ठरवा.

डोमेन कुठून घ्यावं आणि कोणाच्या नावावर?

कोणत्याही नावाजलेल्या रजिस्ट्रारकडून, म्हणजे डोमेन नोंदवून देणाऱ्या कंपनीकडून. नावावर मात्र तुमच्याच: तुमचा ईमेल, तुमचा मोबाइल, तुमचा पासवर्ड. साइट करून देणारा म्हणाला 'मी माझ्या खात्यातून घेतो, तुम्ही पैसे द्या', तर त्याला शांतपणे नाही म्हणा. त्याला काम करायला डोमेनची मालकी लागत नाही. डीएनएसच्या, म्हणजे डोमेन कोणत्या साइटकडे वळतं ते सांगणाऱ्या नोंदींच्या, दोन-चार ओळी बदलल्या की पुरतं, आणि त्या तुम्ही त्याच्याशी फोनवर बोलत बदलू शकता.

डॉट इन किंवा डॉट कॉमचं नूतनीकरण वर्षाला साधारण ५०० ते १,५०० रुपयांच्या आसपास असतं. '९९ रुपयांत डोमेन' हा पहिल्या वर्षाचा भाव असतो. त्याच पानावर बारीक अक्षरांत दुसऱ्या वर्षाचा भाव लिहिलेला असतो, तो वाचा. शक्य असेल तर एकदम तीन किंवा पाच वर्षांचं भरून टाका. बहुतेक डोमेनं दहा वर्षांपर्यंत घेता येतात.

साइट-बिल्डर वार्षिक योजनेसोबत पहिल्या वर्षी डोमेन फुकट देतात. घ्यायला हरकत नाही, पण ते दुसऱ्या रजिस्ट्रारकडे कसं हलवायचं ते आधी वाचून ठेवा. माझं मत विचाराल तर डोमेन एकीकडे आणि साइट दुसरीकडे, असंच ठेवावं.

नाव निवडताना ते फोनवर सांगून बघा. 'श्री'चं स्पेलिंग शेवटी दोन ई घालून की आय घालून, 'विठ्ठल'मध्ये टी किती, यातच निम्मी गिऱ्हाइकं अडकतात. दोन्ही स्पेलिंगं मोकळी असतील तर दोन्ही घ्या आणि एक दुसऱ्याकडे वळवा.

देवनागरीतलं 'डॉट भारत' डोमेन घ्यावं का?

२०१४ पासून ते मिळतं आणि मराठी नाव मराठी लिपीतच पत्त्यात बघायला छान वाटतं. पण त्या पत्त्यावरचा ईमेल अजून अनेक ठिकाणी चालत नाही, आणि काही ॲपमध्ये तो पत्ता 'एक्सएन' ने सुरू होणाऱ्या अगम्य अक्षरांत दिसतो. जोडीला म्हणून घ्या. मुख्य पत्ता डॉट इन किंवा डॉट कॉमच ठेवा.

मग कोणासाठी कोणतं साधन? सरळ सांगा.

सरळ सांगतो, पण हे माझं मत आहे.

तुम्हाला एकच पान हवंय, म्हणजे नाव, काम, चार फोटो, नकाशा आणि व्हॉट्सॲपचं बटण, तर कार्ड हे साधन बघा. स्वतःचं डोमेन जोडता येणारी त्याची योजना वर्षाला वीस डॉलरच्या आसपास पडते. इतक्या कमी पैशात इतकं नेटकं पान दुसरं कुठे होताना मी पाहिलेलं नाही. इलेक्ट्रिशियन, फोटोग्राफर, कीर्तनकार, छोटे क्लास यांना त्याहून जास्त काही लागत नाही.

मंडळ, शाळेचे माजी विद्यार्थी, गृहनिर्माण सोसायटी, ग्रंथालय अशांसाठी गूगल साइट्स. फुकट आहे, जाहिरात नाही, स्वतःचं डोमेन जोडता येतं, आणि चार जणांना संपादनाचा अधिकार देता येतो. दिसायला साधी असते, विक्री करता येत नाही. मंडळाला कार्यकारिणीची नावं, कार्यक्रमपत्रिका आणि देणगीचा क्यूआर एवढंच दाखवायचं असतं, आणि पदाधिकारी बदलले की चाव्या पुढच्यांकडे द्यायच्या असतात. गूगल साइट्समध्ये हे काम सोपं होतं. फक्त साइट मंडळाच्या खात्यात उघडा, सचिवांच्या खाजगी जीमेलमध्ये नको.

होमस्टेसाठी विक्स ठीक आहे. फोटोंची मांडणी चांगली होते, खोल्यांचं बुकिंग जोडता येतं, भारतातले पेमेंट गेटवे (ऑनलाइन पैसे स्वीकारून देणाऱ्या सेवा) चालतात. पण दोन गोष्टी माहीत असू द्या. विक्सच्या नेहमीच्या एडिटरमध्ये एकदा टेम्पलेट (तयार साचा) निवडून साइट भरली की नंतर टेम्पलेट बदलता येत नाही, पुन्हा पहिल्यापासून बांधावं लागतं. दुसरी गोष्ट सोडण्याबद्दलची, ती पुढे येते.

आंबा, काजू, मसाले, साड्या, दागिने, म्हणजे खरं दुकान, ज्यात साठा मोजायचा, कुरिअरची लेबलं काढायची, कूपन द्यायची, त्यांनी शॉपिफाय, वर्डप्रेसवरचं वूकॉमर्स किंवा झोहो कॉमर्स यांची तुलना करावी. शॉपिफाय सगळ्यात सोपं आणि सगळ्यात महाग. हंगाम एप्रिल-मेचा असेल तर बारा महिन्यांचं भाडं त्या दोन महिन्यांच्या नफ्यातून निघतं का, हा हिशेब कागदावर मांडा. वर्षाला शंभर-दीडशे पेट्या विकणाऱ्या बागायतदाराला शॉपिफायची गरज नाही. एक चांगलं पान, ऑर्डरचा फॉर्म आणि यूपीआय पुरतं. त्या पानावर झाडांचे, मोहोराचे, पेटी भरतानाचे खरे फोटो टाका. हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक निर्देशांक मिळाला. तुम्ही त्याचे नोंदणीकृत वापरकर्ते असाल तर ते ठळक लिहा. बाजारात कर्नाटकचा आंबा हापूस म्हणून विकला जातो तेव्हा गिऱ्हाईक नेमकं तेच शोधत असतं.

लिहिणाऱ्यांसाठी, म्हणजे लेख, कविता, प्रवासवर्णन, पाककृती, वर्डप्रेस. ब्लॉगरही अजून चालू आहे, फुकट आहे आणि त्याला स्वतःचं डोमेन जोडता येतं.

वेबफ्लो हे डिझायनर लोकांचं साधन आहे. त्यात कोड लिहावा लागत नाही हे खरं, पण कोड कसा विचार करतो हे समजावं लागतं. दुकान सांभाळून फावल्या वेळात शिकायची ती गोष्ट नाही.

वर्डप्रेस नो-कोड आहे का? आणि दोन वर्डप्रेस कसे?

वर्डप्रेस हे २००३ पासूनचं मुक्त सॉफ्टवेअर आहे. कोणाही होस्टिंगवर ते फुकट बसवता येतं. वर्डप्रेस डॉट कॉम ही ऑटोमॅटिक या कंपनीची सेवा आहे, जिथे तेच सॉफ्टवेअर त्यांच्या सर्व्हरवर चालवून मिळतं. लोक 'वर्डप्रेस फुकट आहे' म्हणतात ते पहिल्याबद्दल. त्यातही होस्टिंगचे पैसे लागतातच.

२०१८ च्या अखेरीस आलेल्या ब्लॉक एडिटरपासून कोड न लिहिता चांगली पानं बनतात. शिवाय वर्डप्रेसचा सगळा कारभार मराठीत करता येतो, मेनूपासून बटणांपर्यंत. आईवडिलांच्या वयाच्या माणसाला संपादन शिकवायचं असेल तर याचा फार उपयोग होतो.

त्रास आहे तो देखभालीचा. स्वतःच्या होस्टिंगवर असाल तर प्लगइन (वरून जोडलेल्या सोयी) अद्ययावत करणं, बॅकअप घेणं तुमचं काम. वर्डप्रेसच्या ज्या साइट हॅक होतात त्यांत वर्ष-वर्ष अपडेट न केलेली प्लगइनं हे नेहमीचं कारण असतं. दर महिन्याला अर्धा तास द्यायची तयारी नसेल तर व्यवस्थापित होस्टिंग (जिथे ही देखभाल कंपनीच करते) घ्या किंवा सरळ दुसरं साधन.

एलिमेंटरसारखे पेज-बिल्डर जपून वापरा. नंतर ते प्लगइन काढलं की मजकूर उरतो, मांडणी जाते. साधे ब्लॉक पुरत असतील तर तेच बरे.

फुकट योजनेवर धंदा चालवला तर?

शिकायला, प्रयोगाला वापरा. गिऱ्हाइकाला दाखवायला नको. पत्त्यात त्या कंपनीचं नाव येतं, बहुतेक ठिकाणी त्यांची जाहिरातपट्टी येते, आणि तो पत्ता तुमचा नसतो. अपवाद दोनच, गूगल साइट्स आणि ब्लॉगर, आणि तेही स्वतःचं डोमेन जोडलं तरच.

वर्षाचा खरा खर्च कसा काढायचा?

जाहिरातीत महिन्याचा भाव असतो आणि पैसे वर्षाचे एकदम घेतात, हे पहिलं. दुसरं, तो भाव पहिल्या मुदतीचा असतो. होस्टिंगमध्ये तर दुसऱ्या वर्षी दुप्पट-तिप्पट होणं नेहमीचं. तिसरं, किंमत डॉलरमध्ये असेल तर वर १८ टक्के जीएसटी आणि बँकेचं परकीय चलनाचं शुल्क धरा.

आणि एक गोष्ट जिच्यामुळे चालत्या साइट बंद पडतात. रिझर्व्ह बँकेच्या १ ऑक्टोबर २०२१ पासून लागू झालेल्या नियमांमुळे कार्डावरून आपोआप होणाऱ्या वसुलीसाठी आधी मंजुरी नोंदवावी लागते, प्रत्येक वसुलीआधी सूचना यावी लागते, आणि १५,००० रुपयांवरच्या रकमेला दरवेळी ओटीपी लागतो. परदेशी कंपन्यांच्या बाबतीत ही मंजुरी कित्येकदा नीट नोंदली जात नाही. तुम्ही 'ऑटो रिन्यू' लावून निश्चिंत असता, पैसे कापले जात नाहीत, कंपनीचे इशारे जाहिरातींच्या ईमेलमध्ये पडून राहतात, आणि एके दिवशी गिऱ्हाईक फोन करून सांगतं की साइट उघडत नाही. म्हणून नूतनीकरणाची तारीख फोनच्या कॅलेंडरवर महिनाभर आधीची लावा, आणि घरातल्या आणखी एकाच्या फोनवरही.

मराठी मजकूर नीट दिसेल याची खात्री कशी करायची?

हा प्रश्न सगळ्यांत कमी लोक विचारतात आणि मला तो सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. ही साधनं रोमन लिपी डोळ्यांसमोर ठेवून घडवलेली आहेत. त्यांची सुंदर टेम्पलेटं इंग्रजी मजकुरात सुंदर दिसतात. मराठी ओतलं की दुसरंच काही होतं.

सुरुवात मजकुरापासून. तुमचं माहितीपत्रक डीटीपीवाल्याने श्रीलिपी किंवा कृतीदेवच्या जुन्या फाँटात केलेलं असेल तर ते थेट चिकटवता येत नाही. वेबसाइटवर ती अक्षरं म्हणजे इंग्रजी चिन्हांची रास होते. आधी युनिकोडमध्ये (वेबवर सगळीकडे चालणाऱ्या प्रमाण अक्षरपद्धतीत) रूपांतर करा आणि मग ओळ न ओळ वाचून तपासा, कारण रूपांतरात रफार आणि जोडाक्षरं हमखास बिघडतात.

मग फाँट. टेम्पलेटच्या फाँटात देवनागरी नसेल तर ब्राउझर फोनमधला कुठलातरी फाँट लावतो, आणि शीर्षक एका वळणाचं, मजकूर दुसऱ्या वळणाचा असं कडबोळं होतं. साधनाच्या यादीत मुक्ता, बालू, नोटो सान्स देवनागरी किंवा तिरो देवनागरी मराठी आहे का ते बघा. मुक्ता आणि बालू हे मुंबईच्या एक टाइपचे फाँट आहेत आणि पडद्यावर स्वच्छ वाचता येतात. यादीत नसेल तर स्वतःचा फाँट चढवता येतो का, आणि कोणत्या योजनेत, ते तपासा.

आता एक बारकी गोष्ट, जी जवळजवळ प्रत्येक टेम्पलेटमध्ये चुकलेली असते. शीर्षकांना अक्षरांमधलं अंतर वाढवलेलं असतं. रोमनमध्ये ते ऐटदार दिसतं. देवनागरीत त्याने शिरोरेषा तुटते आणि शब्द विस्कटतो. ते अंतर शून्यावर आणा. ओळींमधलं अंतर मात्र वाढवा, नाहीतर वरच्या ओळीचे उकार आणि खालच्या ओळीच्या वेलांट्या एकमेकींत शिरतात, आणि बटणांवर रफार कापला जातो.

चाचणीसाठी हे शब्द टाइप करून साध्या अँड्रॉइड फोनवर बघा: पुऱ्या, दऱ्याखोऱ्या, कर्तृत्व, उद्घाटन, शृंगार, ज्ञानेश्वरी, ॲप, ऑर्डर, कळवळा. कुठे चौकोन दिसला किंवा 'ऱ्य' फुटला तर फाँट बदला. साइटच्या सेटिंगमध्ये भाषा मराठी ठेवा. चांगल्या फाँटांमध्ये त्यावरून ल आणि श मराठी वळणाचे येतात, आणि दृष्टिहीन वाचकांचा स्क्रीन रीडरही योग्य उच्चार निवडतो.

शेवटी पानाचे पत्ते. मराठी शीर्षक दिलं की बरीच साधनं पत्ताही देवनागरीत करतात. ब्राउझरमध्ये तो छान दिसतो, पण कॉपी करून व्हॉट्सॲपवर टाकला की प्रत्येक अक्षराची नऊ-नऊ चिन्हं होऊन टक्क्यांच्या खुणांची लांबलचक शेपटी तयार होते. लोकांना ती फसवी लिंक वाटते. वर्डप्रेसमध्ये तर लांब मराठी पत्ता मध्येच तुटतो. पानाचं शीर्षक मराठीत ठेवा, पत्ता छोटा आणि रोमन लिपीत.

ऑनलाइन पैसे घ्यायचे आहेत. काय बघू?

साधनात भारतातला गेटवे जोडता येतो का, हे सगळ्यात आधी बघा. अनेक परदेशी साधनांची विक्री-व्यवस्था स्ट्राइप आणि पेपाल या परदेशी पेमेंट सेवांवर उभी आहे. स्ट्राइप भारतात नवीन व्यावसायिकांना निमंत्रणाशिवाय घेत नाही, आणि पेपालने भारतातल्या भारतात होणारे व्यवहार १ एप्रिल २०२१ पासून बंद केले. स्क्वेअरस्पेसचं टेम्पलेट कितीही आवडलं तरी दुकानासाठी ते घेण्याआधी हे नीट तपासा. पेपाल उपयोगी पडतं ते परदेशातल्या गिऱ्हाइकांसाठी. अमेरिकेतल्या किंवा दुबईतल्या मुलाने नाशिकच्या आईवडिलांना पेटी पाठवायची ऑर्डर दिली, तर त्याचं कार्ड तुमच्या साइटवर चालेल का, हे हंगामाआधी करून बघा.

शुल्काचा हिशेब असा. गेटवे साधारण २ टक्के घेतात आणि त्या शुल्कावर १८ टक्के जीएसटी. २,००० रुपयांच्या पेटीवर ४० रुपये आणि ७ रुपये २० पैसे. शॉपिफायची स्वतःची पेमेंट सेवा भारतात नाही, त्यामुळे बाहेरचा गेटवे वापरल्याबद्दल ते वेगळं शुल्क लावतात. बेसिक योजनेत ते २ टक्के असतं, म्हणजे आणखी ४०. एका पेटीमागे जवळपास ८७ रुपये गेले, महिन्याचं भाडं वेगळंच.

सुरुवातीला याची गरज नसते. पानावर यूपीआयचा क्यूआर आणि खाली 'पैसे भरल्यावर स्क्रीनशॉट पाठवा' असं लिहून बरीच घरगुती दुकानं नीट चालतात. फक्त स्क्रीनशॉटवर विश्वास ठेवून माल पाठवू नका. खात्यात रक्कम जमा झालेली बघा, बनावट स्क्रीनशॉट सर्रास फिरतात. मधला मार्ग म्हणजे गेटवेची पेमेंट लिंक किंवा पेमेंट पेज. ते कोणत्याही साधनातल्या बटणाला जोडता येतं, दुकानाची योजना घ्यावी लागत नाही.

कोणती पानं कायद्याने लागतात?

२०२० च्या ई-कॉमर्स ग्राहक संरक्षण नियमांप्रमाणे नियमित विक्री करणाऱ्याने नाव, पत्ता, संपर्क, परताव्याचे नियम आणि तक्रार निवारण अधिकाऱ्याचा तपशील द्यायचा असतो. तक्रारीची पोच ४८ तासांत, निवारण महिन्याभरात. लोणची, मसाले, पापड विकत असाल तर एफएसएसएआयचा चौदा अंकी क्रमांक टाका. आणि ही पानं नसतील तर गेटवे खातंच मंजूर करत नाही, त्यामुळे ती आधीच लिहून ठेवलेली बरी. दुसऱ्याच्या साइटवरून उचलू नका. त्यांत त्यांच्या गावाच्या न्यायालयाचं नाव राहून जातं.

उद्या साधन सोडायचं झालं तर काय बाहेर नेता येतं?

पैसे भरण्याआधी विचारायचा प्रश्न हाच. विक्सची साइट विक्सच्याच सर्व्हरवर चालते. ती जशीच्या तशी उचलून दुसरीकडे नेता येत नाही, हे ते स्वतःच सांगतात. उत्पादनांची आणि संपर्कांची यादी फाइल म्हणून निघते. स्क्वेअरस्पेसमधून पानं आणि ब्लॉगचा बराचसा भाग वर्डप्रेसला चालेल अशा फाइलमध्ये निघतो, दुकान नाही. शॉपिफायमधून उत्पादनं, गिऱ्हाइकं आणि ऑर्डर यांच्या याद्या मिळतात, मांडणी तिथेच राहते. वेबफ्लो पैसे भरणाऱ्यांना एचटीएमएल देतं, पण त्यातल्या सतत बदलणाऱ्या याद्या वेगळ्या उतरवून घ्याव्या लागतात. ब्लॉगर आणि वर्डप्रेस यांतून सगळा मजकूर निघतो. स्वतःच्या होस्टिंगवरचं वर्डप्रेस तर पूर्णच्या पूर्ण उचलता येतं.

याचा अर्थ विक्स घेऊच नये असा नाही. पाच पानांचा होमस्टे असेल आणि मजकूर एका गूगल डॉकमध्ये, फोटो एका फोल्डरमध्ये नीट नावं देऊन ठेवले असतील, तर दुसरीकडे बांधायला दोन दिवस लागतील. पण तीनशे लेख किंवा पाचशे उत्पादनं साठणार असतील तर जिथून बाहेर पडता येत नाही तिथे शिरू नका.

एआयने एका मिनिटात साइट बनते म्हणतात. वापरू का?

मांडणीचा पहिला आराखडा म्हणून वापरा. मराठी मजकूर मात्र स्वतः लिहा. ही साधनं मराठी म्हणून जे लिहितात त्यात हिंदी वळणाची वाक्यं येतात, आणि तुमच्याकडे नसलेल्या सोयीही ती बिनधास्त लिहून टाकतात. होमस्टेच्या पानावर 'स्विमिंग पूल' आला आणि पाहुणे पोहण्याचे कपडे घेऊन आले, तर उत्तर तुम्हाला द्यायचंय.

गूगलवर साइट वर कशी येईल?

साधनामुळे फारसा फरक पडत नाही. गूगल तुमच्या साइटची मोबाइलवरची आवृत्तीच वाचतं, त्यामुळे पान फोनवर नीट आणि लवकर उघडायला हवं. फोनमधला फोटो चार-पाच एमबीचा असतो. चढवण्याआधी दोन-तीनशे केबीवर आणा. कोकणात किंवा घाटात नेटवर्क जेमतेम असतं, तिथे हा फरक लगेच जाणवतो. सर्च कन्सोल या गूगलच्या साधनात साइट नोंदवा. बिझनेस प्रोफाइलमध्ये साइटचा पत्ता भरा. आणि लोक फोनवर जे विचारतात तेच, त्यांच्याच शब्दांत, पानावर लिहा: 'गुहागर समुद्रकिनाऱ्याजवळ घरगुती जेवणासह राहण्याची सोय' हे 'निसर्गाच्या कुशीतला अविस्मरणीय अनुभव' यापेक्षा कितीतरी उपयोगी आहे.

दोन साधनांत अडकलो आहे. निवड कशी करू?

दोन्हींची फुकट योजना किंवा फुकट चाचणी उघडा आणि दोन्हींत तुमचं सगळ्यात अवघड पान बांधा. मुखपृष्ठ नको, ते कशातही बरं दिसतं. होमस्टे असेल तर खोल्या आणि दरांचं पान, दुकान असेल तर तीन वजनांत मिळणारा मसाला. मग घरातल्या ज्या माणसाला पुढे ते सांभाळायचंय त्याला फोनवरून दर बदलायला सांगा आणि तुम्ही गप्प बसा. ज्या साधनात त्याने न विचारता ते केलं ते घ्या.

साइट करून देणाऱ्याने डोमेन स्वतःच्या नावावर घेतलंय आणि आता तो फोन उचलत नाही. काय करू?

आधी हूइजमध्ये, म्हणजे डोमेनच्या नोंदी दाखवणाऱ्या सेवेत, डोमेन शोधा. मालकाचं नाव बहुधा झाकलेलं असतं, पण रजिस्ट्रार कोण आणि मुदत कधी संपते ते दिसतं. त्या माणसाला लेखी, ईमेलवर आणि व्हॉट्सॲपवर, डोमेन तुमच्या खात्यात हलवायला सांगा. दोघांची खाती एकाच रजिस्ट्रारकडे असतील तर हे काही मिनिटांचं काम आहे. वेगळ्या रजिस्ट्रारकडे न्यायचं तर त्याला डोमेनचं लॉक काढून ऑथ कोड (हलवण्यासाठीचा गुप्त कोड) द्यावा लागतो. त्याचे पैसे राहिले असतील तर ते चुकते करून पावती घ्या, म्हणजे अडवून धरायला कारण उरत नाही. दिलेल्या पैशांच्या पावत्या, बोलण्याचे स्क्रीनशॉट, दुकानाचा परवाना एकत्र करून रजिस्ट्रारच्या मदत विभागाला लिहा. तुमच्या नावाचा ट्रेडमार्क नोंदलेला असेल आणि डोमेन डॉट इन असेल, तर डॉट इनचा कारभार बघणाऱ्या निक्सीच्या इंडआरपी या तंटा-निवारण प्रक्रियेतही जाता येतं, पण त्याला वेळ आणि पैसा लागतो.

हे चालू असतानाच नवीन डोमेन घ्या, आणि बिझनेस प्रोफाइल, इन्स्टाग्राम, व्हॉट्सॲप या तिन्ही ठिकाणचा पत्ता त्याच दिवशी बदला. जुनी साइट अजून उघडत असेल तर तिच्यावरचा सगळा मजकूर आणि फोटो आजच उतरवून घ्या. मुदत संपली की तीही दिसायची बंद होते.